खालच्या मजल्यावरचा माणूस

धुळे, ९ नोव्हेंबर १९५३

कुंदाबाईंना लेव्ही डॉक्टरचा नमस्कार.

तुम्ही चोपड्याच्या प्रसूतिगृहात नोकरीला गेल्यापासून सुया कोण उकळतं, असं विचारलंत. भिकन उकळतो, आणि उकळताना "कुंदाबाई राहत्या तर" असं पुटपुटतो. कंपाउंडर म्हणून तो चांगलाच आहे, पण रोग्यांना दटावणं त्याला जमत नाही. ते काम दवाखान्यात तुमच्याशिवाय कुणाला जमलं नाही.

आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. ग्रेटेचं पत्र आलं. सेहेचाळीस साली माझी बहीण जिवंत असल्याचं कळलं, तेव्हा मी दवाखाना तसाच टाकून पांझरेच्या काठी जाऊन बसलो होतो आणि तुम्ही शोधत आला होतात, आठवतं? आई, वडील, ग्रेटेचा नवरा, कोणी उरलं नव्हतं. ती एकटी छावणीतून परत आली आणि हॅम्बुर्गच्या आमच्या जुन्याच घरात, दुसऱ्या मजल्यावर राहू लागली. आता तिची दृष्टी जाते आहे. पत्र कुणा नर्सनं लिहून दिलंय. "एरिक, तुझा चेहरा थोडा तरी दिसेल तोवर ये. आणि आलास तर राहा."

कुंदाबाई, मला भीती वाटते. परवा दुपारी मी लोटन कोळ्याच्या दंडात सुई देत होतो आणि समोरच्या कापडदुकानाचं लोखंडी शटर धाडकन खाली आलं. मी टेबलाखाली कधी शिरलो ते मला कळलंही नाही. लोटननं वाकून पाहिलं आणि हळूच विचारलं, "साप शे का, डॉक्टरसाहेब?" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यानं काठी आणून खोलीचे सगळे कोपरे ठोकले आणि मग म्हणाला, "गया तो. आते बाहेर या." सुई त्याच्या दंडात तशीच लोंबत होती.

जायचं म्हटलं तर काय काय सुटेल, हा विचार डोक्यातून जात नाही. तुम्हाला वाटेल भरीत आणि कळण्याची भाकरी. तीही आहेच. पण मला आधी दवाखान्याबाहेरचा बाक आठवतो. नवा माणूस आला की बाकावरचे लोक सरकतात, आणि तो बसायच्या आत त्याचं गाव, त्याची लेकरं, त्याचं दुखणं सगळं विचारून होतं. मी नवा होतो तेव्हा तुमच्याकडच्या एका पाटलांनी विचारलं होतं, "लेव्ही म्हणजे आमच्यातले लेवा पाटीलच ना?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरची वांगी पाठवली. ज्या ज्यू नावापायी तिकडे माझ्या आईला नेलं, त्याच नावाला इथं वांगी मिळाली. हे मी कुठं बांधून नेऊ?

आपला,
एरिक लेव्ही


चोपडा, २० नोव्हेंबर १९५३

आदरणीय डॉक्टरसाहेबांना कुंदाचा नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. आई म्हणाली, एवढं काय आहे त्यात? मी म्हटलं, डॉक्टरसाहेबांना सर्दी झाली आहे.

साधी गोष्ट आहे. तुम्ही जायचं नाही, त्यांना इकडे आणायचं. डोळ्यांनी अधू बाईला हॅम्बुर्ग काय नि धुळं काय? मागची खोली रिकामीच आहे. भिकनची बायको दोन वेळचं करून घालील. थंडीचं आणलंत तर उन्हाळ्यापर्यंत अंगवळणी पडेल. उगाच टेबलाखाली बसू नका. लोटन गावभर सांगत असेल की दवाखान्यात साप निघाला. उद्या बाया लेकरं आणायच्या नाहीत.

इकडे काम पुष्कळ. सातपुड्याच्या पायथ्याची रुपली नावाची पावरा आदिवासी बाई अडली होती. झोळी करून आणली. मूल पायाळू, पण दोघं सुखरूप. त्यांच्या वाटेवर अस्वल आहे, महिन्यामागं एका म्हाताऱ्याला फाडलं. जाताना मी विचारलं, "बाई, ओली बाळंतीण तू, त्याच वाटेनं जाताना भ्या नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटते. पन घर तिकडेच आहे ना." आणि निघाली. मी तिच्या नवऱ्याला, दिलवरसिंगला, डबा वाजवत पुढं चालायला सांगितलं.

बहिणीला लवकर लिहा. मागच्या खोलीचं कौल फुटलंय, ते बसवून घ्या.

तुमची,
कुंदा


धुळे, १७ जानेवारी १९५४

कुंदाबाईंना नमस्कार.

कौल बसवलं. पण ग्रेटे येणार नाही. "मीही निघून गेले, तर आपण इथं राहत होतो हे कोण सांगणार?" एवढंच तिनं कळवलंय.

रुपलीचं बोलणं तुम्ही मला थांबवायला लिहिलंत की पाठवायला? तिला ठाऊक आहे घर कुठल्या बाजूला आहे. मला नाही.

आता जे लिहितो ते मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर क्रूगर नावाचा माणूस राहतो. माझ्या लहानपणी सायकलींची दुरुस्ती करायचा. माझी पहिली सायकल त्यानंच नीट केली. अडतीस साली एका रात्रीत सगळ्या ज्यूंच्या काचा फोडल्या, त्यानंतर मी निघालो. वडिलांना नंतर रस्त्यातूनच नेलं. आई उरली. ग्रेटेनं तिला तळघरात, कोळशाच्या कोठीत लपवलं होतं. क्रूगरनं ते पोलिसांना सांगितलं. त्याच सकाळी आई गेली, ग्रेटे गेली, तिचा नवरा गेला.

तो क्रूगर अजून तिथंच राहतो. त्याला काही झालं नाही. आणि कुंदाबाई, ग्रेटे परत आली तेव्हापासून रोज सकाळी तो तिला दूध आणून देतो. ती ते पिते. मी रागानं लिहिलं होतं, का पितेस? तिनं उत्तर दिलं, "जिना मला उतरवत नाही."

मी गेलो तर रोज त्याच जिन्यानं मला चढायचंय, उतरायचंय. तो समोर आला तर मी काय करीन? मला दोन भीती आहेत. एक, की मी त्याला मारीन. दुसरी, की मी टोपी काढून "गुड मॉर्निंग" म्हणीन. लहानपणी शिकवलेलं असतं ना, वडीलधाऱ्यांना म्हणायचं. दुसरी भीती जास्त मोठी आहे.

एरिक लेव्ही


चोपडा, २९ जानेवारी १९५४

डॉक्टरसाहेबांना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही नीट. तुम्ही जाऊ नका. मी स्पष्ट लिहिते. असल्या माणसाच्या हातचं दूध त्या बाईच्या पोटात जातं आणि तपासून पाहणारं कोणी नाही! आज नाही तर उद्या, तिच्या खोल्यांवर त्याचा डोळा असेल. एकट्या आंधळ्या बाईला कोण विचारतं? आणि तुम्ही तिथं पोचलात तर तो तुम्हाला सोडेल का? ज्याला सगळं माहीत आहे असा माणूस त्याला दारात नको असणार.

तिला लिहा, दूध मांजराला आधी पाजत जा. एवढं तरी कराच. राग मानू नका, मला दुसरं काही सुचत नाही.

कुंदा


धुळे, ८ मार्च १९५४

कुंदाबाईंना नमस्कार.

भिकननं तुम्हाला काय कळवलं असेल ते मला ठाऊक नाही. तो माझी बाजू सांभाळून लिहील, म्हणून मीच लिहितो.

मंगळवारी दुपारी रोगी संपले होते, मी दार लावून पडलो होतो. भिकन जेवायला गेला होता. एकाएकी रस्त्यावरून ओरडा ऐकू आला. पुष्कळ माणसं धावत येत होती. दारावर काठ्या बसू लागल्या. मग खिडकीची काच फुटली, तुकडे माझ्या पायांपर्यंत आले.

त्या काचेनंतर मी धुळ्यात नव्हतो. औषधांच्या कपाटामागं, भिंतीत जेवढी जागा आहे तेवढ्यात मी उभा होतो आणि तोंडावर हात दाबून धरला होता. बाहेरचे लोक काय म्हणत होते ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. "डॉक्टरसाहेब, दार उघडा! मानूस मरी ऱ्हायना!" शब्द कळत होते, कुंदाबाई. अहिराणी मला तुमच्याइतकी कळते. तरी मला वाटत होतं की हे फसवतायत, दार उघडलं की नेणार.

भिकन परसातून भिंतीवरून उडी मारून आत आला. त्यानं दार उघडलं. बाहेर झुलाल होता, शिंदखेड्याकडचा गाडीवान. आग्रा रोडवर ट्रकला बुजून बैल उधळले होते आणि कपाशीची भरली गाडी त्याच्या पायावरून गेली होती. काच कुणी मुद्दाम फोडली नव्हती, लोकांच्या रेट्यात फुटली. मी कपाटामागून निघालो. हात थरथरत होते, तरी भिकन हातात देईल ते घेऊन काम करत गेलो. झुलाल वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दार आधी उघडलं असतं तर पाय राहिला असता का? वैद्यकीय उत्तर, बहुधा नाही. पण ते "बहुधा" मला झोपू देत नाही.

आणि कोणी मला काही म्हणालं नाही. झुलालची आई बाकावर बसून सगळ्यांना सांगत होती, "बिचारा झोपेल व्हता. दिनभर काम करस." काच बसवायला लोक परस्पर माणूस घेऊन आले.

त्या बाईचं बोलणं ऐकलं आणि मी ठरवलं. मी समजत होतो की भीती तिकडे राहिली, आणि इथं पंधरा वर्षं मी तिच्यापासून लांब आहे. ती माझ्याबरोबर बोटीतूनच आली होती. तिकडे मी क्रूगरला भिईन. इथं मी झुलालला भ्यालो. भ्यायचंच असेल, तर ज्याला भ्यायला हवं त्याला तरी भ्यावं. या लोकांना नाही.

पावसाळ्यापूर्वी मुंबईहून इटलीतल्या जिनोवाची बोट आहे, पुढं आगगाडी. दवाखान्यात माझ्या जागी नाशिकचे एक तरुण डॉक्टर येतील. किती दिवसांसाठी, ते मला सांगता येत नाही.

एरिक लेव्ही


चोपडा, १९ मार्च १९५४

डॉक्टरसाहेबांना कुंदाचा नमस्कार.

जा. मागच्या पत्रात नको म्हटलं होतं ते मागं घेते.

भिकनचं पत्र आलं होतं. त्यात एवढंच होतं की तुम्हाला ताप होता म्हणून दार उघडायला उशीर झाला. मी उलट टपाली त्याला लिहिलं की शाबास.

मी पाडव्याला नोकरी सोडून धुळ्यास परत यायचं ठरवलं होतं. आईलाही घेऊन येणार होते. तिला कबूल करायला चार महिने लागले. हे आता सांगण्यात अर्थ नाही, म्हणून सांगते. आधी सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असता, आणि मग तुमचे हात कायमचे थरथरत राहिले असते. तसला डॉक्टर मला नको.

येणार मी तरीही. नाशिकच्या डॉक्टरांना बाकावरच्या माणसांची सवय नसेल.

जिन्यावर तो माणूस भेटला तर काय करायचं हे मला माहीत नाही. मी त्या जागी कधी उभी राहिले नाही. पण मारू नका आणि नमस्कारही करू नका. बायका नळावर करतात तसं करा. समोरची नको असलेली असली की नुसतं उभं राहायचं. तिलाच बाजूला व्हावं लागतं.

लोकरीचे मोजे पाठवते आहे. आईनं विणले आहेत, एक मोठा झाला आहे.

कुंदा


हॅम्बुर्ग, २ ऑक्टोबर १९५४

कुंदाबाईंना नमस्कार.

तुमची तीन पत्रं धुळ्याची मोहर घेऊन आली. मी उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्याचं धाडस होत नव्हतं.

ग्रेटेला माझा चेहरा दिसला नाही. मला उशीर झाला. तिनं हातांनी पाहिला आणि म्हणाली, "तू म्हातारा झालास, हे कुणी कळवलं नाही."

इथं मी रस्त्यानं चालतो तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाकडे बघून मनात विचारतो, तेव्हा तू कुठं होतास? ट्राममध्ये कुणी जागा दिली तरी अंग आकसतं. सगळे सभ्य आहेत. कोणी कुणाला काही विचारत नाही. जेवलात का, असं मला इथं पाऊल ठेवल्यापासून ग्रेटेखेरीज कुणी विचारलेलं नाही. तुम्हाला हसू येईल, पण रोग्यांच्या त्या चौकशांचा मला धुळ्यात कंटाळा यायचा.

क्रूगर दुसऱ्याच सकाळी भेटला. मी उतरत होतो, तो दुधाची बरणी घेऊन चढत होता. वाकलाय, हाताच्या शिरा दिसतात. मला तुमचा नळ आठवला आणि मी उभा राहिलो. त्यानं विचारलं, "आपण कोण?" मी म्हणालो, "ग्रेटेचा भाऊ."

त्याची बरणी हिंदकळली. दूध पायरीवर सांडलं, तिथून खालच्या पायरीवर. त्यानं पुसायला रुमाल काढला, पण वाकता येईना. तो भिंतीला धरून तसाच मागे मागे उतरला, माझ्याकडे पाठ न करता. खाली त्याच्या दाराच्या दोन कड्या लागल्याचं मी ऐकलं.

तो मला भ्याला, कुंदाबाई. मी एवढी वर्षं ज्याला भ्यालो तो मला भितोय. मला वाटलं होतं आनंद होईल. झाला नाही.

एरिक लेव्ही


धुळे, २८ ऑक्टोबर १९५४

डॉक्टरसाहेबांना नमस्कार.

तुमच्या पत्रानं जीव भांड्यात पडला. तीन महिने टपालवाल्याची वाट बघून भिकन आणि मी दोघंही एकमेकांवर चिडत होतो.

झुलाल आता कुबडीवर येतो. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसून माप लिहायचं काम त्याला मिळालं. येतो आणि विचारतो, "साहेब कव्हय येशात?" मी म्हणते, येतील.

एक सांगू? भ्यालेल्या माणसाजवळ फार जाऊ नका. कोपऱ्यात सापडलेलं मांजरसुद्धा अंगावर येतं. दाराला कडी लावून झोपा. इथं रात्री लावत नव्हता, तिथं लावा.

कुंदा


हॅम्बुर्ग, ११ जानेवारी १९५५

कुंदाबाईंना नमस्कार.

क्रूगर गेला. मेला नाही, घर सोडून गेला. नाताळानंतर एका सकाळी त्याच्या खिडक्यांना पडदे नव्हते. दुसऱ्या शहरात मुलाकडे गेला म्हणतात. त्या दिवसानंतर त्यानं मला एकदाही तोंड दाखवलं नव्हतं. दूध मीच आणत होतो. माझी पावलं जिन्यावर वाजली की खालचा दिवा विझायचा.

मी धावत वर आलो आणि ग्रेटेला सांगितलं, "गेला तो! सुटलीस!" मला वाटलं ती हसेल.

ती रडायला लागली. आई कशी गेली ते मी इथं आल्यावर सांगतानाही ती अशी रडली नव्हती. मी घाबरलो, नाडी धरली. तिनं हात सोडवून घेतला. "तुला कळत नाही. आई जिन्यात गात यायची, ते त्यानं ऐकलं होतं. आता आपल्याशिवाय ते ऐकलेलं इथं कोणीच उरलं नाही."

मी म्हणालो, "ग्रेटे, त्यानंच तिला धरून दिलं."

ती म्हणाली, "माहीत आहे. रोज सकाळी माहीत होतं. म्हणून तर दूध घ्यायला दार उघडायची. तो समोर उभा राहिला की आई खरंच होती, हे दोघांना ठाऊक असायचं. तो विसरू शकत नव्हता आणि मीही नाही. आता तो कुठंतरी जाऊन विसरेल."

मी दोन दिवस तिच्याजवळ नुसता बसून राहिलो. मला तुमच्यासारखं दटावता येत नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "इथं आता राखायला काही नाही. तुझ्या त्या गावाला मला ने."

आणि तेव्हापासून, कुंदाबाई, ती भितेय. या शहरानं तिचं सगळं नेलं, तरी निघायचं म्हटल्यावर तिचे ओठ पांढरे पडतात. ट्रामची घंटा, बंदरावरचे भोंगे, पावाच्या दुकानाचा सकाळचा वास, ती एकेक ऐकते आणि हुंगते. तिला उन्हाची भीती वाटते. विंचवांची वाटते. सगळ्यात जास्त म्हणजे जिथं एक शब्द कळत नाही अशा लोकांत डोळ्यांशिवाय राहायची. माझ्या धीर देण्यावर तिचा विश्वास नाही. म्हणते, तू तर स्वतःच टेबलाखाली बसतोस.

कागदपत्रं झाली आहेत. मार्चच्या शेवटी बोट मुंबईला लागेल. तिला तुम्ही दोन ओळी लिहाल का? मी वाचून दाखवीन.

एरिक


धुळे, २५ जानेवारी १९५५

ग्रेटेताईंना कुंदाचा सप्रेम नमस्कार.

तुमचे भाऊ हे जर्मनमध्ये सांगतील. ते कुठं गाळतील असं वाटलं तर त्यांना पुन्हा वाचायला लावा.

भिऊ नका असं मी लिहिणार नाही. भ्या. ऊन इथलं खरंच वाईट आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी माणूस दाराबाहेर पडत नाही. तेव्हा आम्ही खोलीला वाळ्याचे पडदे लावतो आणि त्यावर पाणी मारतो. विंचू असतात. दोन वर्षांमागं मला एक चावला आणि मी रात्रभर आईच्या नावानं ओरडले, पण मेले नाही. मागच्या खोलीची जमीन भिकननं फरशीची करून घेतली आहे, फटी बुजवल्या आहेत. तरी बाज मधोमध ठेवू, भिंतीला नको.

लोक तुम्हाला त्रास देतील. आंधळी गोरी बाई बघायला अर्धं धुळं येईल आणि सगळं विचारील. नवरा कसा गेला तेही विचारतील, अगदी पहिल्या दिवशी. आमच्याकडे तसं विचारतात. सांगावंसं वाटलं तर सांगा. नाही वाटलं तर मी हाकलीन, ते मला येतं.

तुमच्या आईचं गाणं मी ऐकलेलं नाही. इथं कुणीच ऐकलेलं नाही, त्याला माझा इलाज नाही. पण तुम्हाला येत असेल तर म्हणा, बाकावरच्या बाया ऐकतील. त्यांना शब्द कळणार नाहीत. कुणाच्या आईचं आहे हे मात्र त्या विचारल्याशिवाय राहायच्या नाहीत.

डॉक्टरसाहेबांचा माझ्यावर विश्वास आहे म्हणून सांगते, मलाही भीती वाटते आहे. मुंबई मी एकदाच पाहिली आहे, ती गर्दी मला सोसत नाही. तरी धक्क्यावर मीच येणार आहे, भिकनला पाठवणार नाही. तुम्हाला मी दिसणार नाही आणि तिथं हजार माणसं ओरडत असतील. म्हणून बोट लागली की मी बोलायला लागेन, मोठ्यानं, मराठीतच, काय सुचेल ते. लोक हसले तर हसोत. तुम्ही बोटीचा जिना सावकाश उतरा आणि जी बाई थांबतच नाही तिच्या दिशेनं या.

तुमची,
कुंदा